अठ्ठावीस हजारांची खिडकी

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

अवसरी बुद्रुक, ता. आंबेगाव
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैजू,

तुझी पिशवी काल पोचली. जिरवेल तांदूळ पाच किलो, नाचणी दोन किलो, हिरड्याची पुरचुंडी आणि लोणच्याची बरणी. बरणीचं झाकण वाटेत सैल झालं आणि तेल नाचणीला लागलं, पण उन्हात पसरून निभावलं. आणणावळ सत्तर रुपये: वीस कंडक्टरला आणि पन्नास मंचरच्या स्टँडवरून घरापर्यंत रिक्षाला. तांदळाचे किती ते तू कधीच सांगत नाहीस, म्हणून त्या रकान्यात दरवर्षीप्रमाणं 'मैत्रीण' एवढंच लिहिलं.

फोन केला असता, पण तुझ्या घाटघरात रेंज आली तर आवाज अर्धा येतो. आणि जुन्नरचं वसतिगृह सोडल्यापासून आपण दोघी कागदावरच बोलत आलोय. मला तर हातात पेन असल्याशिवाय विचारही सुचत नाही. आज एक विचार करायचाय.

माझं पोस्टातलं दुधाच्या पैशांचं खातं या महिन्यात पुरं झालं. सार्थकला सांगितलं, तर तो चाकणच्या कंपनीतून रविवारी सुनेला, अक्षदाला, नि नातीला, श्रेयाला, घेऊन आला आणि म्हणाला, "आई, हे पैसे परत ठेवायचे नाहीत. बाबांना पासष्ट पुरी झाली. आपण क्रूझनं जाऊ." क्रूझ म्हणजे मोठी बोट. मुंबईहून सुटते, गोव्याला थांबते, परत मुंबईला येते. तीन रात्री. जेवण तिकिटातच, आणि शाकाहारी वेगळं शिजतं, हे मी दोनदा विचारून घेतलं.

तुला खरं सांगू? मी लगेच हो म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं होतील. जेजुरी, ओझर, भीमाशंकर एवढंच आमचं जाणं, तेही सकाळी निघून संध्याकाळी गोठ्यात परत. या माणसाबरोबर मी घराबाहेर कधी मुक्कामाला गेलेच नाही. एकदा तुमच्याकडं सुनीलच्या लग्नाला आलो, तेवढाच काय तो मुक्काम.

आता घोळ असा. आमच्या दोघांच्या खोलीचे दोन भाव आहेत. आतली खोली, बिनखिडकीची, शेहेचाळीस हजार. बाहेरची, बाल्कनीवाली, चौऱ्याहत्तर हजार. बोट तीच, जेवण तेच, समुद्रही तोच. मग खिडकीचे अठ्ठावीस हजार? आमच्या घराला सात खिडक्या आहेत नि सगळ्या फुकटात उघडतात. सार्थक म्हणतो, आई, खोलीत फक्त झोपायचं असतं, समुद्र वर गच्चीवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. मला पटलं. पण अक्षदा मध्येच म्हणाली, "आई, आमची खोली कशीही चालेल, तुमची नि बाबांची मात्र बाल्कनीचीच घ्या." मनात म्हटलं, कळलं गं बाई. खोली तुमची स्वस्तातली आणि फोटो काढायला बाल्कनी आमची.

हे उठले. कांदा साठवायच्या बराखीत जाऊन बसले.

हा दर वीस नोव्हेंबरपर्यंत आहे. तू तटस्थ आहेस, म्हणून विचारते. माझा चातुर्मासाचा नेम चालू आहे, सूर्य बघितल्याशिवाय अन्न नाही. यंदा भाद्रपदात दोन दिवस कडकडीत उपास घडले. देवाच्या कृपेनं तब्येत बरी आहे. तुमच्या जानकूदाजींचा गुडघा कसा आहे?

तुझी,
साळू

*

घाटघर, ता. जुन्नर
१७ ऑक्टोबर २०२४

प्रिय साळूस,

तुझं पत्र पोस्टमननं अंगणवाडीतच आणून दिलं. पोरं खिचडी खात होती, मी पत्र खात होते. मदतनीस म्हणाली, "बाई, एवढं काय हसताय?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीनं घरच्या खिडक्या मोजल्यात.

दहावीला गणितात शाळेत पहिली आलीस तेव्हापासून तुझी ही खोड आहे. तेव्हाही खानावळीत तू चपात्यांचा हिशेब करायचीस आणि मी नुसत्या खायची. आता मला विचारतेस, तर सरळ सांगते. बाल्कनीची घे.

का, ते ऐक. सुनील इथं पर्यटकांना तंबू लावतो, तुला माहीत आहे. काही तंबूंचं तोंड दरीकडं, काहींचं मागं. दरीकडच्याला तीनशे रुपये जास्त. लोक येतात, घासाघीस करतात, मागचा घेतात, आणि सकाळी उठून दरीकडच्या तंबूपुढं येऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहतात, हातात चहा घेऊन, ओशाळल्यासारखे. सुनील म्हणतो, "आई, तीनशे वाचवलेला माणूस लांबूनच ओळखू येतो." तुला तसं उभं राहिलेलं मला बघवणार नाही.

तुझ्या नेमाचं म्हणशील तर तू अवसरीत आहेस म्हणून बरं. आमच्या घाटघरात हा नेम धरलास तर श्रावणातच तुझी तेराव्याची पत्रिका छापावी लागंल. पंधरा-पंधरा दिवस धुकं हटत नाही. आमचा देव ढगातनंच आमच्याकडं बघतो, आम्हाला त्याच्याकडं बघायची सक्ती नाही.

आणि एक. तुझ्या मालकांना, दाजींना, विचारलंस का? 'जायचंय' असं सांगितलं असशील. तसं नाही. विचार. कुठली खोली, असं विचार, आणि काय म्हणतात ते मला कळव. सुनेवर एवढ्यात रागावू नकोस.

भातकापणी तोंडावर आली. यांचा गुडघा कुरकुरतो, पण खाचरात उतरला की गप्प बसतो.

तुझी,
वैजू

*

अवसरी बुद्रुक
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय वैजू,

आज वसुबारस. गाय-वासराची पूजा करून लिहायला बसले. तू विचार म्हणालीस म्हणून मी विचारलं, आणि न विचारते तर बरं झालं असतं.

जेवायला वाढता वाढता म्हटलं, "अहो, बोटीवर कुठली खोली घ्यायची? आतली की बाहेरची?" तर विचारतात, "आतली म्हंजी कशी?" म्हटलं, चार भिंती, एक दार, वर दिवा, गार हवा सोडायचं यंत्र. घास हातातच राहिला. म्हणाले, "मग तुमीच जावा पोरांसंगं. डिसेंबरात कांद्याच्या लागणी असत्यात. रोपाकडं कोन बघंल?"

आधी मला, खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला. म्हटलं, बघा, माझे पैसे वाचवायला निघालेत. म्हणून मी सार्थकला फोन करून मधला मार्ग काढला. पंचावन्न हजारांत एक खोली मिळते, बाल्कनी नाही, पण मोठी काच आहे, समुद्र दिसतो. एरवी मी सुतळीच्या तोड्याला घासाघीस करणारी, पण यांच्यासाठी नऊ हजार जास्त द्यायला तयार झाले. यांना येऊन सांगितलं. तर एकच प्रश्न विचारला, "काच उघडती का?"

"बोटीची काच उघडेल का? पाणी नाही का येणार आत?"

"मग न्हाई," म्हणाले, आणि चूळ भरायला उठले.

वैजू, मला आता कळून चुकलं. यांना माझ्याबरोबर जायचंच नाही. काच उघडती का, म्हणे! उद्या विचारतील, बोटीला चाकं हाएत का. निमित्तच काढायचं तर कशाचंही निघतं.

आता तुला म्हणून सांगते, आजवर कुणाला बोलले नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हा माणूस बाहेर झोपतो. आधी ओट्यावर, मग बराखीच्या पडवीत. म्हणे कांद्याची राखण. अगं, श्रावणानंतर बराखीत कांद्याची सालं तेवढी उरतात, तरी यांचं अंथरूण तिथंच. आता तर गावात बिबट्याचं सत्र चाललंय. वनखात्याची गाडी भोंगा लावून सांगून गेली, उघड्यावर झोपू नका. कुत्री उचलून नेली. सगळा गाव दारं लावून झोपतो आणि आमचे हे बाहेर. शेवटी सार्थकनं पडवीला जाळी ठोकून दिली. शेजारीण हसते, "साळुबाई, पिंजऱ्यात बिबट्या जायचा ते सोडून तुमचा मालकच जाऊन झोपला." मी पण हसते. हसून काय करणार.

मला वाटायचं, कांद्यावर यांचा जीव लई. आता वाटतं, यांना मीच नको असेन. वर्षातून एकदा बेल्ह्याच्या बैलबाजाराला मात्र न चुकता जातात. बैल विकून सहा वर्षं झाली, घ्यायचं ना द्यायचं, तरी जातात, आणि रिकाम्या हातानं परत येतात. तिथं मुक्काम चालतो, बोटीवर नाही.

मी ठरवलंय. सार्थकच्या खोलीत तिसरं-चौथं अंथरूण मिळतं, त्यात मी एकटी जाईन. नाहीतर तेही नको. पैसे परत पोस्टात टाकीन. दिवाळी झाली की कळवायचंय त्याला.

तुझ्या पोरीला, सुनीलच्या बायकोला, फराळाचं पाठवलंय. अनारसे वरच्या थरात आहेत, दाबू नकोस.

साळू

*

घाटघर
७ नोव्हेंबर २०२४

साळू,

अनारसे पोचले, एकही मोडला नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. दिवाळीत मी तीनदा लिहायला बसले आणि तीनदा कागद चुलीत घातला. हे म्हणाले, "माणसाला शब्द दिलाय मी." मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलाय, मी नाही.

चार वर्षांमागं तुम्ही सुनीलच्या लग्नाला आलात. पाहुणे म्हणून तुम्हाला आमची आतली खोली दिली होती, कणग्यांची. तू दमून झोपलीस. पहाटे हे म्हशीला वैरण टाकायला उठले, तर दाजी अंगणात दगडावर बसलेले. थंडी किती, तुला आठवत असंल, तू दोन घोंगड्या मागितल्या होत्यास. त्यांच्या अंगावर नुसता टॉवेल. यांनी विचारलं, "पावणं, झोप न्हाई का लागत?" मग चुलीपाशी बसल्यावर बोलले.

लग्नाआधी ते संगमनेरकडं विहिरी खोदायच्या कामावर होते, एवढं तुला माहीत आहे. पायावर दगड पडला म्हणून काम सोडलं, हेही तुला माहीत आहे. दगड पायावर नाही गं पडला. अख्खी कड ढासळली. दाजी नि त्यांचा जोडीदार, गेणू नावाचा, बेल्ह्याकडचा पोरगा, दोघं खाली. दाजी छातीपर्यंत मातीत. गेणू त्यांच्या पलीकडं, दिसत नव्हता, नुसता बोलायचा. वरची माणसं माती काढत होती. गेणू म्हणायचा, सावळ्या, वरती आभाळ दिसतंय का रं? दाजी म्हणायचे, दिसतंय. दिसत नव्हतं, तरी म्हणायचे. उजाडायच्या आधी गेणू बोलायचा थांबला.

दाजी आमच्या यांना एवढंच म्हणाले, "दार लागलं की माती अंगावर येती. येडा म्हंतील, म्हून घरात सांगितलं न्हाई. साळूला तर न्हाईच. ती ईहिरीचं पानी पेती." आणि यांच्याकडून शब्द घेतला.

आता तूच बघ, काच उघडती का, हे त्यांनी का विचारलं ते. आणि तुझी सून. चाकणला मुलाकडं एकटे राहतात तेव्हा दाजी कुठं झोपतात, ते तिनंच पाहिलं असंल ना?

तुला सांगितल्याचं त्यांना कळू देऊ नकोस. यांची मान खाली जाईल. पण वीस तारीख जवळ आली आणि तू पैसे पोस्टात टाकायला निघालीस, म्हणून लिहिलं.

वैजू

*

॥ श्री ॥

अवसरी बुद्रुक
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय वैजू,

तुझं पत्र तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आलं. देवघरात बसून वाचलं, मग उठून विहिरीवर गेले. पाणी काढायला नाही, नुसतीच. काठाला धरून आत बघितलं नि परत आले. तेवढंच लिहिते.

लग्न झालं तेव्हा पहिल्या थंडीत हे दार उघडं टाकायचे आणि मी उठून लावायची. रोजचं. एक दिवस ते अंथरूण उचलून ओट्यावर गेले. मी समजले, नवरा तुसडा आहे. दार मीच लावत होते, वैजू.

असो. आता ऐक मी काय केलं ते.

यांना कळू द्यायचं नाही, जानकूदाजींचा शब्द मोडायचा नाही आणि बाल्कनी तर घ्यायची. नुसतं 'तुमच्यासाठी घेते' म्हटलं असतं तर हे आलेच नसते. म्हणून निमित्त माझं केलं. माझा नेम. पण अडचण अशी की नेम तर चातुर्मासाचा, तो कार्तिकीला पुरा झाला, तुळशीच्या लग्नाला उद्यापनही झालं. क्रूझ डिसेंबरात. देवाच्या नावानं खोटं बोलायचं? मला नाही जमलं. रात्रभर विचार केला आणि सकाळी आंघोळ करून भैरवनाथापुढं उभी राहिले. म्हटलं, देवा, नेम जन्मभराचा धरते. सूर्य बघून अर्घ्य दिल्याशिवाय अन्न नाही. म्हणजे खोटं राहिलं नाही, खरंच झालं.

मग दुपारी सार्थकला फोन लावला, आणि हे ओट्यावर शेंगा सोलत बसले होते तिथंच मोठ्यानं बोलायचं बटण दाबलं.

म्हटलं, "सार्थक, मला बाल्कनीचीच खोली हवी."

"आई? तूच म्हणतेयस का हे?"

"माझा सूर्याचा नेम आहे. अर्घ्य द्यायचं असतं. काचेतून पाणी कसं सोडू?"

"अगं, वर गच्ची आहे ना. तिथून सूर्य काय, चंद्रपण दिसतो."

"ओल्या केसांनी, सोवळ्यात, त्या अर्ध्या चड्डीतल्या माणसांना धक्के देत जाऊ वर? मला माझ्या दारातच अर्घ्य द्यायचंय."

"पण आई, तुझा नेम चातुर्मासाचा असतो ना? संपला की तो."

"आता जन्मभराचा धरलाय."

मग अक्षदाचा आवाज आला. "अहो, आईंचा नेम आहे म्हणतायत ना. बाल्कनी बुक करा." आणि सार्थक हसत म्हणाला, "बाबा, ऐकताय ना? आईनं अठ्ठावीस हजारांचा नेम धरलाय."

यांनी मान वर केली नाही. शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. मी मुद्दाम यांना विचारलंच नाही, येता का म्हणून. उठून आत जायला लागले. तर मागून म्हणाले, "अर्घ्याला तांब्या कोन धरंल? बोट हालती म्हंत्यात. पडशील."

म्हटलं, "कांद्याच्या लागणी?"

"भगवंत बगंल. तीन दिसांनी काय व्हतंय."

भगवंत म्हणजे शेजारचा. त्याला सांगून बिंगून ठेवलं होतं की काय, कोण जाणे.

संध्याकाळी अक्षदानं मला एकटीला फोन केला. म्हणाली, "आई, बरं झालं." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बाबा इकडं आले की गॅलरीत..." मी म्हटलं, "माहीत आहे. तू नीट जेवतेस ना?" फोटो काढायला आमची बाल्कनी, असं मी तुला लिहिलं होतं. तेवढं ते पत्र फाडून टाक.

वीस तारखेच्या आत पैसे भरले. खर्चाच्या वहीत अठ्ठावीस हजार कुठल्या सदरात घालायचे, हे दोन दिवस सुचेना. प्रवासात घालवेनात, घरखर्चात बसेनात. शेवटी देवकार्यात लिहिले.

साळू

*

घाटघर
५ डिसेंबर २०२४

साळूबाई,

शाबास. पण जन्मभराचा नेम धरताना आमचा विचार केलास का? तू घाटघरला येणार, मी तांदळाच्या भाकरी थापणार, आणि तू धुक्याकडं तोंड करून उपाशी बसणार. आता तुझं आमच्याकडचं येणं मार्गशीर्ष ते चैत्र एवढंच. आधी विचारायचंस तरी.

यांना सांगितलं. तर मागच्या गोठ्याजवळ जाऊन उगाच खाकरून आले.

तांब्याचा तांब्या पाठवतेय, लहान, मूठभर. तुझ्याकडचा मोठा घेऊन जाशील तर बोट वाकडी होईल. कडाकण्या, लाडू काही बांधून नेऊ नकोस, तिकिटात जेवण आहे ना.

सुखरूप जा. आल्याबरोबर लिही.

वैजू

*

॥ श्री सूर्यनारायणाय नमः ॥

अवसरी बुद्रुक
२८ डिसेंबर २०२४

प्रिय वैजू,

परवा सुखरूप परत आलो. तुझा तांब्या, एक. श्रेयाला शिंपल्यांची माळ, तीनशे रुपयांची, दीडशेत मागितली आणि दोनशेत घेतली. तुझ्यासाठी गोव्याहून काजू अर्धा किलो, ते याच पिशवीत आहेत. लाडू नेऊ नकोस म्हणालीस, तरी मी चाळीस नेले. बंदरावर यंत्रात पिशवी घातली आणि त्या शिपायानं डबा काढून ठेवला, बाहेरचं अन्न चालत नाही म्हणे. मी म्हटलं, बाबा, घरच्या तुपाचे आहेत, फेकू नकोस, तूच खा. तो आधी नाही म्हणाला. परत येताना दिसला तर म्हणाला, "मावशी, मेथीचे होते का?" तुझा तांब्या मात्र त्यांनी चार बाजूंनी बघितला आणि सोडला.

बोट एवढी मोठी की हलते हे कळतच नाही. नाच, गाणी, रोषणाई, पोहायचा हौद. समुद्रात जाऊन माणसं हौदात पोहतात, हे मला अजून समजलेलं नाही. जेवणात अठरा प्रकार, टाकलेलं अन्न बघून मला दोन घास कमी गेले.

आता खोलीचं. पोऱ्यानं दार उघडून दिलं. हे उंबऱ्यातच थांबले. समोर काचेचं सरकतं दार, ते बंद. पोऱ्या आत गेला, त्यानं ते दार सरकवलं, आणि वारा सगळा खोलीतून आमच्या तोंडावर आला. तेव्हा आत आले. पिशवी ठेवली आणि सरळ बाल्कनीत जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. बोट सुटून मुंबईचे दिवे बारीक झाले तरी तिथंच.

झोपायच्या वेळी मी आंघोळीला गेले, बाहेर येऊन बघते तर यांनी पलंगावरची गादी खाली ओढलेली. अर्धी आत, अर्धी बाल्कनीत. डोकं बाहेर, पाय आत. मी दिवा मालवला आणि दुसरी उशी घेऊन शेजारी आडवी झाले. डोकं बाहेर काढूनच. वर इतक्या चांदण्या होत्या, वैजू. हे म्हणाले, "तुला गार लागंल." मी म्हटलं, "लागू द्या." चाळीस वर्षांत हा माणूस घोरतो हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पोऱ्या चादर बदलायला आला आणि गादी बघून गोंधळला. हे त्याला हिंदीत म्हणाले, "हमारा बाई का नेम हय." त्यानं हात जोडले. रोज गादी तिथंच नीट अंथरून जायचा.

गोवा मागं टाकून परत निघालो, त्या सकाळची गोष्ट. पाण्यातून सूर्य वर येत होता, मी अर्घ्य देत होते, हे तांब्या धरून उभे. माझं झालं. तर म्हणाले, "अगं, तुळशीच्या लग्नाला तुझा नेम सुटला व्हता. उद्यापनाचा नारळ मीच आनला व्हता बेल्ह्याहून."

म्हटलं, "मग फोनवर बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस."

मग पाण्याकडं बघत यांनी गेणूचं नाव घेतलं. घरच्या माणसापुढं पहिल्यांदा. मला काही माहीत आहे असं मी दाखवलं नाही, जानकूदाजींना सांग. सगळं ऐकलं, जसं पहिल्यांदाच ऐकतेय. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच लिहिते की बेल्ह्याला ते दरवर्षी चिमाबाईंना, गेणूच्या आईला, लुगडं द्यायला जायचे. येत्या वर्षीपासून मीही जाणार आहे. लुगडं मी निवडीन, यांना रंगाचं काही कळत नाही.

तर माझ्याच पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर हे. अठ्ठावीस हजार योग्य होते का? वहीतली ती ओळ मी आता परत बघतसुद्धा नाही, यावरून समज.

घरी आलो. आता खोलीच्या उत्तरेकडच्या भिंतीत, यांचं अंथरूण आत येईल तिथं, नवं मोठं दार पाडायला गवंडी बोलावलाय. जाळीचं दार. उघडं राहील आणि बिबट्याही येणार नाही. त्याचा खर्च घरदुरुस्तीत.

पण एक अडलंय आणि त्यासाठीच हे पत्र घाईनं टाकतेय. आलो त्या दिवसापासून आभाळ भरून आलंय. डिसेंबरात! काल दिवसभर सूर्य नाही, मी चहावर काढला. आजही दुपार झाली तरी नाही. हे मघाशी मोटारसायकल काढून कुठंतरी टेकडीवर गेले, चिखलानं भरून परत आले आणि म्हणाले, "ढगाच्या फटीतनं दिसला मला. सोताच्या डोळ्यांनी बघितला. जेव आता." म्हटलं, "बघायचा मी असतो." तर म्हणतात, "मंग बोटीवर तू माझ्यासाठी बघितलास, ते कसं चाललं?"

भाकरी झाकून ठेवली आहे, आणि हे समोर बसून माझ्याकडं नि आभाळाकडं आळीपाळीनं बघतायत. स्वतःही जेवले नाहीत. तुमच्याकडं पंधरा-पंधरा दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा तुमच्या वाडीत कुणी जाणतं, वयस्कर माणूस असेल, त्याला विचार. नवऱ्यानं बघितलेला सूर्य बायकोला चालतो का? चालत असेल तर तसं, नसेल तर तसं, पण उलट टपाली कळव.

तुझी,
साळू